अहवालाला आग लागत नाही

खेड्यातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचं मूल्यमापन तुमच्या गळ्यात पडलंय? घाबरू नका. आग मोजायची नाहीये, दल मोजायचंय, आणि त्यासाठी ठाण्यात पाऊल ठेवायचीही गरज नसते. नकाशा, कंपास आणि सभासदांची यादी एवढ्यावर भागतं.

आधी कार्यक्षेत्र. कंपासचं टोक ठाण्यावर रोवा आणि आठ किलोमीटरचं सुबक वर्तुळ काढा. अमेरिकेत आगविम्यासाठी गावांना १ ते १० असे दर्जे देतात. तिथे ठाण्यापासून रस्त्याने ५ मैलांपलीकडचं घर बहुधा थेट शेवटच्या, दहाव्या वर्गात जातं. 'रस्त्याने' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातलाय, तुम्ही तो मुद्दाम गाळा. नदी कंपासला अडवत नाही. पुलावर '१२ टन' अशी पाटी असेल आणि टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन भरत असेल, तरी वर्तुळ पुलावरून अलगद पलीकडे जातं.

मग मनुष्यबळ. यादीत ३२ नावं आहेत ना? लिहा ३२. अमेरिकेत आगीपासूनच्या सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या एनएफपीए संस्थेचं १७२० क्रमांकाचं मानक विरळ वस्तीसाठी मागतं तरी किती, तर १० पैकी ८ वेळा, १४ मिनिटांत ६ माणसं. तुमच्याकडे पाचपट! फक्त मंगळवारी सकाळी अकराला पेजर वाजवून बघायच्या फंदात पडू नका. पहिले येतील ते निवृत्त काका, गुडघ्याला पट्टा बांधून. दुसऱ्याला बंब चालवायचा परवाना नाही. तिसरा रात्रपाळी करून नुकताच झोपला होता, त्याच्या पायात दोन वेगळे बूट असतील. बाकीचे एकोणतीस पोटापाण्यासाठी तासाभराच्या अंतरावर. जळत्या घरात दोघं जायचे तर बाहेर दोघं सज्ज हवेत, असा नियम आहे. तीनमध्ये ते गणित बसत नाही, ३२ मध्ये झकास बसतं.

घड्याळ कधी सुरू करायचं हाही कौशल्याचा भाग आहे. बंब ठाण्याबाहेर पडला की सुरू करा. माणसं घरून ठाण्यात येईपर्यंतचा वेळ त्यांचा खाजगी समजावा. आगीला मात्र हे कळवायला विसरू नका. फोम-प्लॅस्टिकच्या सामानाने भरलेली खोली पाच मिनिटांच्या आत एकदम भडकते, असं प्रयोगांत दिसलंय. जुन्या लाकडी-सुती सामानाला सुमारे अर्धा तास लागायचा.

पाण्याचं प्रकरण जरा नाजूक, कारण इथे हिशेब करायचा मोह होतो. बंबात ४,००० लिटर, एक पाइप मिनिटाला ५०० लिटर फेकतो, म्हणजे आठ मिनिटं. दोन पाइप लावले तर चार. पुढे टँकर. १०,००० लिटरचा टँकर भरून, जाऊन, रिकामा होऊन परत भरायला यायला ४० मिनिटं घेत असेल, तर आगीवर सरासरी मिनिटाला २५० लिटरच पोचतात, अर्धा पाइप. हा भागाकार करू नका. 'क्षमता : १०,००० लिटर' असं ठळक अक्षरात लिहा. तळ्याची पाहणी पावसाळ्यात उरका. पंप पाणी खेचतो ते हवेच्या दाबाच्या जिवावर. प्रत्यक्षात साडेसात मीटरखालचं पाणी त्याला खेचता येत नाही, आणि भर उन्हाळ्यात तळं नेमकं तेवढंच खाली गेलेलं असतं.

बंबाचं वय विचारू नका, रंग बघा. पंधरा वर्षांनी राखीव आणि पंचवीस वर्षांनी निवृत्त करावा ही शिफारस आहे, पण लाल रंगाचा एक हात देऊन झाला की पंचवीस वर्षांचा बंबही तरणाबांड दिसतो. दहा वर्षं उलटून बाद ठरलेल्या अग्निरोधक कोटाबद्दल मात्र चकार शब्द काढू नका, त्याला रंग लावता येत नाही.

आता भविष्यातल्या गरजा. इथे नवा बंब मागा. त्याला हार घालता येतो, फीत कापता येते. रस्त्याकडेला पुरलेल्या पाण्याच्या टाकीसोबत फोटो चांगला येत नाही. माणसांसाठी 'तरुणांनी पुढे यावे' ही ओळ पुरेशी आहे. अमेरिकेत १९८४ साली सुमारे नऊ लाख स्वयंसेवक होते, २०२० पर्यंत ते सात लाखांच्या खाली आले आणि तेवढ्यात अग्निशमन दलांना येणारे कॉल तिपटीवर गेले. तिथेही ही ओळ कुणीतरी लिहिली असणारच.

एवढं करूनही काही कमी पडलंच, तर शेवटी लिहा : 'शेजारच्या दलाची मदत उपलब्ध.' त्यांचा अहवाल मागवून बघा, म्हणजे निश्चिंत व्हाल. त्यात मदतीला तुमचाच बंब, तुमचाच टँकर आणि त्यांच्या सभासदांच्या यादीत सातव्या क्रमांकावर गुडघ्याला पट्टा बांधलेले तेच काका असतील.