गोळी घेतली नं?

माझ्या धाकट्या भावाच्या लिथियमच्या गोळ्या आईने पहिल्याच दिवशी कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. पत्त्यातून एकेक गोळी सोडवली, नाव छापलेला चकचकीत कागद चुरगाळून ओल्या कचऱ्यात खाली दाबला आणि बाटली देवघराशेजारच्या कपाटात ठेवून दिली. कारण दुपारी मावशी येणार होती, आणि मावशीला दिसेल त्या औषधाचं नाव वाचायची सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी नेहमीच्या हाताने तीच बाटली उघडली, गोळी काढली, पाण्याचा ग्लास उचलला. धाकटा ओरडला म्हणून वाचले. मी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर होते आणि मला फक्त छताचा पंखा आणि आईचा अंगठा दिसत होता.

नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या घरात तेव्हापासून वाद चालू आहे. बाबांचं म्हणणं, मन घट्ट केलं तर गोळी लागत नाही. मावशीचं म्हणणं, लग्न करून द्या. काकांना वाटतं, या गोळ्यांची एकदा सवय लागली की माणूस गेलाच. आणि शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "तिकडे दाखवलं का, पागलखाना चौकात?" प्रादेशिक मनोरुग्णालय असं नाव लागून कितीतरी वर्षं झाली, पण आमच्या गावात ऑटोवाल्याला पत्ता सांगायचा तर अजून तोच शब्द. सूफी संत ताजुद्दीन बाबांनाही इंग्रजांच्या काळात इथल्याच पागलखान्यात ठेवलं होतं, आणि राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना बाहेर काढलं. त्यांच्या उरुसाला ताजबागेतल्या दर्ग्यावर अर्धं नागपूर लोटतं. त्या शब्दाची भीती मात्र गेलेली नाही.

आजार कळला तो उशिरा, आणि उलट्या बाजूने. मागच्या वर्षी नोकरी सुटल्यावर तो तीन महिने खोलीतून बाहेर निघत नव्हता. ओळखीच्या डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली. काही आठवड्यांत पोरगा उठला, आणि उठला तो थांबेचना. रात्री दोन-तीन तास झोप, पहाटे तीन वाजता फुटाळा तलावावर फेऱ्या, आठवड्यात दोन जुन्या बुलेट विकत, आणि वर्धा रोडवर सावजीचं हॉटेल काढायला गाळ्याचं टोकन. त्याला चहा करता येत नाही. आम्ही सगळे खूश होतो, हे लिहायला लाज वाटते. मी तर इथून पैसेही पाठवले. पुढे धंतोलीतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं की बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी खोल उदासीत तर कधी बेफाम तेजीत जातं त्या आजारात, नुसती उदासीची गोळी दिली तर माणूस असा दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून लिथियम.

मी राहते त्या शहराशी या औषधाचं जुनं नातं आहे. ऑफिसवरून घरी जाताना ८६ नंबरच्या ट्रामवर बुंडूरा अशी पाटी दिसते. तिथल्या इस्पितळात जॉन केड नावाच्या डॉक्टरने उन्मादाच्या रुग्णांना लिथियम देऊन पाहिलं आणि १९४९ साली त्यावर लेख छापला. तीन वर्षांहून जास्त काळ जपान्यांच्या कैदेत काढून आलेला माणूस. त्याचा पहिला रुग्ण इतका सुधारला की घरी गेला. तिथे त्याने औषध सोडलं आणि काही महिन्यांत परत आला. धाकट्याला मी गोष्ट इथपर्यंतच सांगितली. पुढे तो रुग्ण त्याच औषधाच्या विषबाधेने गेला, हे सांगितलं नाही. रक्तातलं प्रमाण मोजत राहायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती.

आता ती आहे, आणि खरी मेहनत तिथेच आहे. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचं. प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या मध्ये हवं. त्याखाली उपयोग नाही, दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. किडनी आणि थायरॉइडही तपासत राहायचं. घरातले सगळे सवय लागेल का यावर भांडत होते, आणि नागपुरात या औषधाचा खरा वैरी आहे तो आमचा मे महिना. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब-उलट्या झाल्या की रक्तात लिथियम चढतं. मीठ एकदम तोडलं तरी चढतं. डोकं दुखलं म्हणून कोणी आयब्रुफेन दिलं तरी. हात जोरात थरथरणं, चाल अडखळणं, जीभ जड होणं दिसलं तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. आई त्यालाच निर्जळी एकादशी धरायला सांगणार होती. मी कधी नव्हे ती तिच्यावर ओरडले. आता त्याच्या बाईकला पाण्याची बाटली लटकलेली असते आणि ताकात मीठ बेतशीर, रोज सारखं.

परदेशात हे सगळं सोपं असतं असं गावाकडे वाटतं. काही गोष्टी सोप्या आहेत खऱ्या. माझ्या ऑफिसात एक जण जेवताना सहज म्हणाला, "माझा भाऊ लिथियमवर आहे," आणि सँडविच खात राहिला. मी घास हातात धरून बसले. माझ्या घरी तेच नाव कचऱ्यात दाबलेलं होतं! पण पुढे विचारलं तेव्हा कळलं, भाऊ दुसऱ्या राज्यात असतो, वर्षात दोनदा भेट. मागे भावाला दाखल केलं होतं ते याला तीन आठवड्यांनी समजलं, कारण भावाच्या परवानगीशिवाय डॉक्टर घरच्यांना काही सांगत नाहीत. याचं त्याला वाईटही वाटलेलं दिसलं नाही. धंतोलीत याच्या बरोबर उलट. पहिल्या भेटीत बोलणं सगळं बाबांशी. "झोपतो का? जेवतो का? चिडतो का?" एकोणतीस वर्षांचा मुलगा शेजारच्या खुर्चीवर, आणि तिसऱ्या माणसाबद्दल चालावी तशी चर्चा.

आपल्याकडे कायदा चांगला झालाय. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की सज्ञान माणूस आपले उपचार कसे व्हावेत ते आधी लिहून ठेवू शकतो, आणि स्वतःचा प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. विमा कंपन्यांनीही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, असं त्यात आहे. धाकट्याने प्रतिनिधी म्हणून नाव दिलं ते शाळेपासूनच्या मित्राचं. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मलाही टोचलं, खोटं कशाला बोलू. मी त्याची मोठी बहीण, पैसे माझे, रात्री जागून वाचन माझं. त्यावर तो म्हणाला, "ताई, तू घाबरली की मोठ्याने बोलते. तो घाबरला तरी चहा पाजतो."

मी कशी वागत होते तेही सांगते. रोज रात्री दहाला, नागपूरच्या साडेपाचला, फोन करायचे आणि पहिलं वाक्य, "गोळी घेतली नं?" गोळी रात्री जेवणानंतरची. म्हणजे मी कालच्याबद्दल विचारत होते. आईला वेगळा फोन, तोच प्रश्न. लपवाछपवी नको म्हणून इथून सात कप्प्यांची डबी पाठवली आणि मग त्या डबीचा फोटो मागायला लागले. घरी समजावताना मी जे सगळे म्हणतात तेच म्हणत होते, की ही शुगरच्या गोळीसारखीच समजा. एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, "शुगरवाला चिडला तर त्याला कोणी विचारते का, गोळी घेतली का म्हणून? मी हसलो तरी तुम्ही लोकं एकमेकांकडे पाहून राहिले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. म्हणून 'शुगरसारखीच' हे मी सोडून दिलं. शुगरच्या गोळीने माणसाचा राग संशयित होत नाही. आणि गोळी सुटण्यात या गोष्टीचा हात असतो असं माझं मत झालंय. सवयीची भीती, वजन, हाताची बारीक थरथर ही कारणं आहेतच. पण घरात सतत तोलून पाहिलं जाणं माणूस किती दिवस सहन करेल?

तरी लक्ष ठेवणं सोडता येत नाही, कारण तेजीच्या वेळी त्यालाच कळत नाही की तेजी आहे. आम्ही यातून जो मार्ग काढला तो त्याच्या मित्राच्या डोक्यातून आला. तब्येत स्थिर असताना धाकट्याने स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहिला: लागोपाठ दोन रात्री चार तासांच्या आत झोप, किंवा न विचारता दहा हजारांवर खर्च, तर मित्र डॉक्टरांना फोन करेल आणि मी वाद घालणार नाही. बाकी कशावरही गोळीचा विषय काढायचा नाही. मावशीच्या लग्नाच्या प्रस्तावालाही त्यानेच उत्तर दिलं, की मुलीला पहिल्या भेटीत सांगणार असाल तरच. लपवून लावलेलं लग्न फसवणूक म्हणून कोर्टात रद्द होऊ शकतं, हे मी जोडलं. मावशी त्यानंतर आंब्याच्या भावावर बोलली.

हे सगळं छापायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. सावजीचा भाग काढू नको म्हणाला.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा घरात कूलरवरून रणकंदन चालू होतं. कूलरवाल्याने ताट्या बदलल्या, पैसे घेतले आणि मोटर उलटी जोडून गेला. बाहेर शेहेचाळीस. धाकटा फोनवर त्याला सोलून काढत होता, आवाज टिपेला. आई स्क्रीनमध्ये माझ्याकडे पाहायला लागली, मी तिच्याकडे. बाबा पेपरात. कोणी काही बोललं नाही.

त्याने फोन ठेवला, आमच्या दोघींची तोंडं पाहिली आणि म्हणाला, "घेतली आहे. आणि तो कूलरवाला खरंच बिनडोक आहे बे."