राबणाऱ्याचा दवाखाना कोणत्या गावात?

सांग्याहून घरच्यांचा फोन आला की हल्ली एक विषय हमखास निघतो. गोव्यातल्या बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात, परप्रांतीयांची गर्दी आहे, आपल्या माणसाला खाट मिळत नाही. 2018 च्या जानेवारीपासून तिथे बिगरगोमंतकीयांना शुल्क लागू झालं, शेजारच्या महाराष्ट्रातल्या दोडामार्गात त्यावरून आंदोलनही पेटलं. आता शुल्क वाढवा, नाहीतर त्यांना घेऊच नका, असं आमच्या घरातलीच मंडळी म्हणतात. खाटेसाठी ताटकळणाऱ्यांचा त्रास खरा आहे. पण हा राग निघतो तो घाटावरून आलेल्या शेतमजुरावर, आणि ते मला अजिबात पटत नाही.

मी दोह्यात बांधकामाच्या साइटवर सेफ्टीचं काम बघतो. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर, सकाळी 10 ते दुपारी 3:30 उघड्यावर काम करायला बंदी आहे. शिवाय 2021 पासून ऊन, दमटपणा आणि वारा मिळून जो आकडा निघतो तो 32.1 अंशांच्या वर गेला, की महिना कोणताही असो, काम थांबवावं लागतं. ते यंत्र आमच्याकडे तिपाईवर उभं असतं. आकडा चढला की मी भोंगा वाजवतो. फोरमन कुरकुरतो, पण नेपाळी, बिहारी, बांगलादेशी पोरं शेडमध्ये येतात, पाणी पितात, बूट काढून आडवी होतात. कतार म्हणजे मजुरांचा स्वर्ग नव्हे. कितीतरी नेपाळी तरुण आखातातून शवपेटीतून परतले, कितीजण मूत्रपिंडं गमावून. त्यावर जगभर ओरड झाली, तेव्हा कुठे नियम कडक झाले.

आपल्याकडे गोव्यात मार्च 2023 मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा सरकारने शाळा दुपारी बाराच्या आत सोडायला लावल्या. योग्यच केलं. पण त्याच दुपारी वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात आणि काजूच्या बागायतीत माणसं राबतच होती. त्यांना घरी जा म्हणणारं कोणी नव्हतं.

धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना चालू होता तेव्हा आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या. कोणी बीडकडचे, कोणी विजापूरकडचे. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बीडच्या आष्टी-पाटोद्याला त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. तिथे शेत पिकत नाही म्हणून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत राबायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस अंग टाकलं तर खाडा, त्याचा दंड मुकादमाच्या वहीत. आमच्या बांधावर त्यातली एक बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायची. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला तर ती नुसते ओठ ओले करायची. आडोशाला जायला जागा नव्हती, म्हणून दिवसभर पाणी टाळायची. असं महिनोन् महिने केलं की लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, पोटात दुखणं ठरलेलं. पुढे काय होतं ते बीडने दाखवलं. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने तिथल्या 82,309 ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. ज्या दुखण्यावर वेळेवर गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठीही बायकांची पोटं फाडली गेली.

निकाराग्वा, एल साल्वादोरमधल्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी होण्यामागे ऊन आणि पाण्याची कमतरता आहे, असं संशोधक बरीच वर्षं सांगताहेत. आपल्या गोव्यातल्या काणकोणच्या मूत्रपिंडाच्या रुग्णांचं कारण वेगळं असेल, त्यावर वाद चालू आहेत. पण डायलिसिसवरचं घर कसं खचतं ते काणकोणकरांना वेगळं सांगायला नको. मजुराची लघवी आणि रक्त गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षातून एकदा जरी तपासलं, तरी बांबोळीची एक खाट वाचेल. गर्दीची चिंता खरोखर असेल तर सुरुवात तिथून करावी.

आज काय होतं? दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. जो हंगामापुरता येतो आणि पावसाआधी परत जातो, त्याची पाच वर्षं भरणार कधी? गावी उपचाराचं कार्ड आहे, पण गावी तो नसतो. दुखणं अंगावर काढतो आणि अगदी कोसळला की बांबोळीला आणला जातो. मग आपण म्हणतो, बाहेरच्यांनी खाटा अडवल्या.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न घरीही विचारतात. माझं हेल्थ कार्ड माझी कंपनी काढते, कारण राबवून घेणारी ती आहे. मी इथे किती वर्षं राहिलो, असं कार्ड देताना कोणी विचारलं नाही. आणि भारतात तरी ही कल्पना नवी कुठे आहे? 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच ठेकेदाराने मजुराला मोफत वैद्यकीय सोय द्यावी असं लिहिलं होतं. म्हणून माझं म्हणणं असं, टोळी गावात उतरली की ठेकेदाराने तिची नोंद आरोग्य केंद्रात करावी, तपासणीचे पैसे भरावेत. मार्च ते मे दुपारी बारा ते साडेतीन शेतातलं काम बंद ठेवावं. बागायतदाराने पाण्याची टाकी आणि बायकांसाठी आडोशाचं शौचालय दिल्याशिवाय पंचायतीने टोळी उतरू देऊ नये. आमच्या घरचीही बागायत आहे. तिथे या मार्चपासून हे करायचं, असं मी भावाला कळवलं आहे, टाकीचे पैसेही पाठवले आहेत.