‘जुना फोन नवा म्हणून गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. २०२४ च्या गणपतीत वडिलांसाठी आमच्याकडून आयफोन एसई घेतलात. या दिवाळीत गावी आल्यावर तुमच्या जुन्या आयफोन ८ चं कव्हर त्याला बरोब्बर बसलं. त्यावरून तुम्ही लिहिलंत की २०१७ चा माल नव्या नावाने खपवला, बॅटरी संध्याकाळीच मान टाकते आणि ‘काउंटरवरच्या बाईंना मॉडेलमधलं काही कळत नाही’. ती बाई मीच. दुकानही माझंच. उत्तर इथे सगळ्यांसमोर देतेय, कारण हीच शंका मनात ठेवून गुपचूप जाणारी गिऱ्हाइकं बरीच आहेत.

कव्हर बसणारच. १३८.४ मिलिमीटर लांब, ६७.३ रुंद, ७.३ जाड हे माप ८ चं आहे, २०२० च्या एसईचं आहे आणि काकांकडच्या, म्हणजे तुमच्या वडिलांकडच्या, २०२२ च्या एसईचंही आहे. यात लपवाछपवी कसली? कव्हरच्या पाकिटावर तिन्ही नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. वजन मात्र वेगळं: ८ भरतो १४८ ग्रॅम, काकांचा १४४.

राहिला जुन्या स्टॉकचा आरोप. तो मी ऐकून घेणार नाही. बॉक्स घरी असेल तर मागचं लेबल वाचा. पॅकबंद मालावर तो बनवल्याचा महिना आणि वर्ष छापावंच लागतं. सील तुमच्यासमोर फोडलं, फोन तुमच्यासमोर चालू केला, वॉरंटी त्या दिवसापासून लागली. तरी खात्री नसेल तर केवायएम लिहून, जागा सोडून, आयएमईआय नंबर (फोनचा ओळखक्रमांक) टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. सरकारच्या नोंदीत तो फोन काय आहे ते कळेल. सेकंडहँड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी करायला लावते.

आता साच्याबद्दल. फोनचं अंग नव्याने घडवायचं तर चौकट कोरायची यंत्रं, काचेचे साचे, जुळणीच्या पकडी, तपासणीची मांडणी सगळं नव्याने उभं करावं लागतं. सुरुवातीला माल बाद होतो, मग हळूहळू हात बसतो. तोच फोन काही वर्षं काढला की हा खर्च वसूल झालेला असतो. मग कंपनी त्याच अंगात ताजी चिप, म्हणजे फोनचा मेंदू, घालते आणि कमी किमतीत विकते. पहिला एसई आला २०१६ मध्ये: अंग २०१३ च्या ५एसचं, चिप ६एसची ए९. २०२० मध्ये ८ च्या अंगात ११ ची ए१३ गेली. २०२२ मध्ये त्याच अंगात १३ ची ए१५ आणि सोबत ५जी. आयफोन १३ आपल्याकडे ७९,९०० ला आला होता, तीच चिप घेऊन एसई ४३,९०० ला आला. कमी झालेले पैसे स्क्रीन, कॅमेरा आणि बॅटरीत कापलेत, चिपमध्ये नाही. अमेरिकेत तो ४२९ डॉलरला असताना आपल्याकडे ४३,९०० मोजून त्याला ‘बजेट’ म्हणायचं, याचं हसू मलाही येतं. पण तो भाव मी ठरवलेला नाही.

हे एकाच कंपनीचं नाही. सॅमसंगचा ए५२ मार्च २०२१ मध्ये आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच अंगात जोरदार चिप घालून ए५२एस. कव्हर एकच. तेव्हा कोणी दुकानावर भांडायला आलं नाही.

तुमचा ८ ड्रॉवरमध्ये का जाऊन पडला, ते आठवा. त्याला शेवटचं मोठं अपडेट मिळालं आयओएस १६. २०२३ च्या आयओएस १७ ने त्याला बाहेर ठेवलं. काकांच्या एसईवर २०२५ चं आयओएस २६ चालतं. बाहेरून जुळे दिसणारे दोन फोन, एकाची वाट बंद झाली आणि दुसऱ्याची चालू आहे. अपडेट थांबलं की आज ना उद्या बँकेची ॲपं कुरकुरायला लागतात. काकांचं न्याहारी-निवास आहे, पर्यटकांचे पैसे यूपीआयवर येतात. त्यांना फोनचं रूप परवडेल जुनं, सॉफ्टवेअर नाही परवडणार.

उलटा प्रकारही चालतो, आणि राग धरायचाच तर तो तिथे धरा. चकाचक नवं अंग, मोठी स्क्रीन, मागे कॅमेऱ्यांचे भलेमोठे गोल, आत चिप मात्र जुनी. हेलिओ जी८५ ही २०२० ची चिप. ती २०२३ मध्ये आपल्याकडे आलेल्या रेडमी १२सी आणि १३सी मध्येही आहे. ते फोन आम्हीही विकतो. दहा हजारांच्या आत फोन हवा असलेल्याला ते चालतातही. पण चिप कधीची आहे हे सांगून विकतो. समोरचा बहुतेक वेळा विचारतो, ‘निळ्या रंगात आहे का?’

तो दिवस मला चांगला आठवतोय, कारण काउंटरवर तुमची आणि काकांची चांगलीच जुंपली होती. तुम्ही मोठ्या स्क्रीनचा दाखवत होतात, काकांचं एकच पालुपद, “माका बटनवालोच फोन होयो.” आधीचा त्यांचा ६एस बटणाचाच, आणि सदऱ्याच्या खिशात मावणारा. त्या वेळी दुकानात मिळणारा बटणाचा नवा आयफोन हा एकच होता. ‘अंग जुनं आहे, बॅटरी लहान आहे’ हे मी दोनदा म्हटलं. तुम्ही तेव्हा फोनवर बोलत होतात, काकांनी ऐकलं आणि मान डोलावली. पाण्यातल्या कामाने त्यांचा अंगठा इतका घासलाय की बटण तो ओळखेना. मग हात पुसून, एकच अंगठा दोन वेगवेगळी बोटं असल्यासारखा दोनदा नोंदवला, एकदा सरळ आणि एकदा कडेने. तेव्हा कुठे उघडायला लागला.

बॅटरीचं तुमचं म्हणणं खरं आहे. ८ मध्ये १८२१ एमएएच होती, यात २०१८. कंपनीच्याच आकड्यांत व्हिडिओ १३ तासांवरून १५ तासांवर गेला, एवढाच फरक. आजच्या दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये ५००० एमएएच सर्रास असते. त्यात तुमच्या देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. रेंज येते-जाते आणि ५जी शोधता शोधता फोन दमतो. सेटिंगमध्ये मोबाइल डेटा फक्त ४जीवर ठेवा, फरक पडेल. बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलणं आलं. ८ ची बॅटरी यात चालत नाही, जोडणी वेगळी आहे. कोणी स्वस्तात ‘तीच बसवतो’ म्हणालं तर देऊ नका.

स्क्रीनचं मात्र उलट. २०१७ पासून तोच साचा चालल्यामुळे ८ आणि दोन्ही एसईंना चालणारा डिस्प्ले बाजारात सहज मिळतो, टेम्पर्ड ग्लास तर पानपट्टीवरही सापडेल. आमच्याकडून अधिकृत सर्व्हिससाठी लोक कोल्हापूर नाहीतर गोवा गाठतात. सीझनमध्ये पर्यटक दारात असताना काकांनी काचेसाठी दोन दिवस घालवावेत का? बाहेरचा डिस्प्ले टाकल्यावर ट्रू टोन (आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग जुळवणं) जातं, हे आधीच सांगून ठेवते. बिनबटणाचा नवा फोन फुटला तर इथे त्याची काच मागवावी लागते, आणि ती येईपर्यंत गिऱ्हाईक रोज फोन करून माझं डोकं खातं.

‘मग निदान पुढचं मॉडेल तरी सुचवायचं’ असंही तुम्ही लिहिलंय. ते तेव्हा नव्हतंच. १६ई आला फेब्रुवारी २०२५ मध्ये, ५९,९०० ला. बटण गेलं, फेस आयडी आला, टाइप-सी आलं, चिप १६ ची ए१८. आणि माप? १४६.७, ७१.५, ७.८. आयफोन १४ चं काढून बघा.

फोन परत घ्या म्हणता, तर वर्षभर वापरलेला फोन नव्याच्या भावात परत घेता येणार नाही. बदलून हवा असेल तर आजच्या बाजारभावाने घेऊ. काकांना घेऊन या, बॅटरी हेल्थ आणि चार्जिंगचं भोक तपासून देते, पैसे नाहीत. खाऱ्या हवेत त्या भोकात हिरवट गंज धरतो, तसा धरला असेल तर चार्ज नीट होत नसणार आणि दोष बॅटरीवर जात असणार. येताना घरातली चार्जिंगची केबलही आणा, तिची टोकं बघायची आहेत. सोमवारी दुकान बंद असतं.