जुनी सातवी

तीनशे रुपये. माझा लॅपटॉप म्हातारा झालाय एवढं सांगायचे त्या दुकानाने माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. त्यावर जीएसटी नाही, कारण पावतीच दिली नाही. आणि हीच बातमी लॅपटॉपने आदल्या रात्री मला घरबसल्या, फुकट दिली होती.

विंडोज १० ला सुरक्षेचे फुकट अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालं. ऐन दिवाळीच्या तोंडावर. मी नेहमीप्रमाणे 'बघू' म्हटलं. बघू बघू करता शेवटी एका रात्री, नवीन विंडोज ११ चालेल का ते सांगणारं तपासणीचं अ‍ॅप चालवलं. रॅम चार जीबी हवी, माझी आठ. जागा चौसष्ट जीबी हवी, माझी अडीचशे. ज्या टीपीएम २.० साठी, म्हणजे सुरक्षेच्या त्या चिपेसाठी, अर्धं जग रडतंय, तेही माझ्याकडे निघालं. आजीच्या ट्रंकेत बुगडी सापडावी तसं. घरात आहे हे माहीतच नव्हतं. सिक्युअर बूटला हिरवी खूण. सगळीकडे हिरवळ, आणि मधेच एक लाल फुली: प्रोसेसर विंडोज ११ साठी सध्या चालत नाही.

'सध्या' या शब्दापाशी मी अडकलो. मुलाला सध्या कर्तव्य नाही, असं म्हणतात ना, तसलं ते सध्या. म्हणजे कधीच नाही, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

भानगड अशी की माझा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला चालतो आठवीपासून. आता हे कुठे दुखतं ते सांगतो. लॅपटॉप घेतला २०१७ च्या धनत्रयोदशीला. आठवी पिढी तेव्हा नुकतीच, ऑगस्टमध्ये आलेली. काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले, आणि आठवीला चार हजार जास्त. दुकानदार म्हणाला, "साहेब, सात काय नि आठ काय, तुम्हाला टायपिंगच करायचंय ना?" मला पटलं. वाचलेल्या चार हजारांत मिक्सर घेतला. तो आजही खोबरं-लसणाची चटणी वाटताना अख्खी इमारत हादरवतो आणि त्याला कोणी पिढी विचारत नाही. सात पिढ्या बसून खातील एवढं कमवावं, असं जुनी माणसं म्हणायची. आठवीची जबाबदारी कोणीच घेतली नव्हती, हे आता कळतंय.

आमचे आजोबा जुनी सातवी होते. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. तेवढ्या शिक्षणावर माणूस मास्तर व्हायचा, आणि आजोबा झालेही. पुढे घरात बी.ए., एम.ए. झालेली मंडळी आली, पण हिशोबात चूक सापडली की आजोबा कागद परत सरकवत म्हणायचे, "आमची जुनी सातवी आहे." त्यावर कोणाचं काही चालायचं नाही. मी ते वाक्य दुकानात वापरायला हवं होतं. ऐनवेळी सुचलं नाही.

दुकान कर्वे रोडच्या मागच्या गल्लीत. काउंटरवरच्या पोराने लॅपटॉप उघडला, मागचा स्टिकर वाचला आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये म्हणाला, "थांब रे, एक काका आलेत. सेव्हन्थ जनरेशन." मी एक्कावन्न वर्षांचा आहे. हे तो नक्की कोणाबद्दल बोलला ते मी विचारलं नाही.

बाकावर एक गृहस्थ बसले होते. त्यांचं दुकानात काही काम नव्हतं, हे पुढच्या अर्ध्या तासात सिद्ध झालं. चाळीस वर्षं एका आरटीओबाहेर चिंचेखाली टेबल टाकून ते एजंट होते; आता निवृत्त. एजंट निवृत्त होतो म्हणजे नक्की काय होतं ते मला कळलं नाही, पण त्यांनी तो शब्द वापरला.

"पासिंग कधीचं?" त्यांनी लॅपटॉपकडे हनुवटी केली.

"अं? २०१७."

"महिना?"

"ऑक्टोबर."

"म्हणजे आठ वर्षं. आणि आता काय म्हणतात, चालवायची नाही?"

"चालवा म्हणतात. पण नवीन अपडेट देणार नाही. काही झालं तर तुमचं तुम्ही बघा."

"म्हणजे इन्शुरन्स संपला."

"हो, तसंच."

"मग तसं सांगा ना. इन्शुरन्स संपणं वेगळं, पासिंग संपणं वेगळं." हे त्यांनी जरा रागाने सांगितलं, जणू घोळ मी घातला होता. "खासगी गाडीला सरकार पंधरा वर्षं देतं. मग गाडी दाखवा, पर्यावरण कर भरा, पुढची पाच वर्षं घ्या. यांच्यात मुदतवाढ नाही?"

"आहे. एक वर्ष. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीस डॉलर भरायचे, नाहीतर आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवायच्या. मग फुकट."

"काय ठेवायचं?"

"सेटिंग्ज."

एजंटकाकांचा चेहरा उजळला. "सेटिंग ते स्वतःच घेतात? वा! आम्हाला बाहेरून लावायला लागायचं."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ही धंद्यातली माहिती होती.

"फेल कशात झाली?"

"इंजिनात म्हणा."

"धूर मारते?"

"नाही हो."

"आवाज?"

"पंखा थोडा वाजतो. उन्हाळ्यात."

"ओढत नाही?"

"ओढते की. एकवीस साली एसएसडी टाकली, त्यानंतर तर नव्यासारखी."

"मग चालवून बघितल्यावर फेल कशी झाली?"

"चालवून नाही बघितली. यादी आहे. यादीत नाव नाही म्हणून फेल."

काका गप्प झाले. टेबलावरचा पंखा डावीकडून उजवीकडे गेला, परत आला. मग ते अत्यंत दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "अहो, आमचा इन्स्पेक्टर कसाही असला तरी निदान हॉर्न वाजवून बघायचा."

इतक्यात काउंटरवरच्या पोराला वाटलं, आपणही काही बोलावं. "सर, चेक बायपास करून विंडोज ११ टाकून देतो. आठशे होतील. पुढे अपडेट आलं नाही तर माझ्याकडे यायचं नाही."

काका बाकावरून उठले. खरोखर उठले. "गाडी न दाखवता पासिंग! मी मघापासून हाच विचार करतोय, एवढा मोठा व्यवहार आणि एजंट कसा नाही!" आणि त्यांनी त्या पोराकडे असं पाहिलं, की घराण्याची गादी चालवणारा सापडला.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, कारण तोवर मलाही कोणाला तरी सांगायचीच होती. लॅपटॉपच्या चिपांमध्ये सातवीतलं एकच कार्टं वर चढवलंय. आय-सेव्हन ७८२० एचक्यू. विंडोजवाल्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्वतःच विकलेल्या एका महागड्या संगणकात तीच चिप बसवलेली होती. ते ऐकून काकांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "साहेबाच्या मेव्हण्याची गाडी," ते म्हणाले, आणि विषय संपला.

माझा मात्र संपत नाही. सुरक्षा हवी हे मला कळतं. बँकेचं काम मी त्याच लॅपटॉपवर करतो, चोराला दार उघडं ठेवावं असं माझं म्हणणं नाही. पण ज्या टीपीएमसाठी हा सगळा खटाटोप, ते माझ्यात आहे. बाकी सगळं आहे. मी काय करतो त्यावर? मराठीत टायपिंग, सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेल, विजेचं बिल. यात आठव्या पिढीला काय जास्त जमतं, ते मला कोणीतरी समोर बसून दाखवावं. २०१५ साली कंपनीच्याच एका माणसाने भर परिषदेत सांगितलं होतं, की विंडोज १० ही शेवटची. शेवटची ती आमच्यासाठी होती, एवढंच बहुधा सांगायचं राहिलं. भाचा बंगळूरहून फोनवर दर वेळी एकच सांगतो, "मामा, विंडोज काढ, लिनक्स मिंट टाक." त्याचं बरोबरही असेल. पण त्याला जे 'पंधरा मिनिटांचं काम' वाटतं त्यात माझे तीन रविवार जातात, आणि मराठी कीबोर्डची जोडाक्षरं पुन्हा हुडकावी लागतील ती वेगळीच.

पोरगं म्हणालं, "एक्स्चेंजमध्ये दोन हजार धरतो सर. नवीन पंचावन्नपासून सुरू." दोन हजार. म्हणजे सतरा साली वाचवलेल्या चारातले निम्मे. मी लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. "चेकिंग चार्ज सर, थ्री हंड्रेड," तो म्हणाला. काय चेक केलंस, असं विचारायचं होतं. स्टिकर वाचलास. पण मागे गिऱ्हाईक उभं होतं, आणि गर्दीत माझी सातवी, जुनी असो वा नवी, बाहेर येत नाही. दिले.

काका माझ्यामागून बाहेर आले. स्कूटरभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरला चपलेचं टोक लावून बघितलं, नंबरप्लेट वाचली.

"पीयूसी आहे ना?"

"आहे."

"दाखवा."

मी का दाखवलं, माहीत नाही. मोबाइल काढला, शोधलं. मागच्या महिन्यात संपलं होतं.

"दहा हजारांपर्यंत दंड आहे," काका म्हणाले. अर्ध्या तासात एवढे खूश ते पहिल्यांदाच दिसले. "कोपऱ्यावर व्हॅन असते. चला, ओळखीचा आहे."

निवृत्त होतो म्हणजे काय होतं, ते तेव्हा कळलं.

व्हॅनमधल्या माणसाने काकांना पाहून चहाचा ग्लास खाली ठेवला. माझी स्कूटर २०११ ची. आरशाला चिकटपट्टी, इंडिकेटर एकाच बाजूचा. तो नळी घेऊन मागे आला आणि मला म्हणाला, "चालू करा."

काका माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाले, "बघितलंत? चालू करायला सांगितली."

मी किक मारली. लॅपटॉप पायाशी पिशवीत होता.