फ्यूजच्या जागी चांदी, गाडीखाली विटा: घरगुती जुगाडाच्या सल्ल्यांचा समाचार

‘गाडीच्या कामाला वेगळी हत्यारं लागतात हा गॅरेजवाल्यांनी पसरवलेला समज आहे. पक्कड, हातोडी आणि स्वयंपाकघरातल्या चार वस्तू असल्या की सगळं घरी होतं.’ हा दावा इतक्या वेळा पुढे ढकलला जातो की त्याच्या पोटातले सल्ले कोणी तपासत नाही. सगळेच चुकीचे नाहीत. पण त्यात निरुपद्रवी आणि जीवघेणे सल्ले एकाच दमात सांगितलेले असतात, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

‘पान्याच्या मापाचं काय घेऊन बसलात, पक्कड सगळं उघडते.’ सैल नट उघडते, हे खरं. पण आपलं भांडण अडकलेल्या नटाशी असतं. पक्कड नटाच्या दोन बाजू धरते, जोर लावला की घसरते आणि जाता जाता कोपरे खाऊन टाकते. कोपरे गोल झालेला नट काढायला मग योग्य मापाचा सॉकेटही (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) उपयोगी पडत नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना ‘बसतो’ असं वाटतं, पण गंजलेल्या नटावर तेवढी ०.३ मिलिमीटरची फटसुद्धा नडते. कमीजास्त होणारा पाना वापरायचाच असेल तर जबडा पुरता आवळून घ्या, आणि ओढताना जोर हलत्या जबड्यावर नाही तर स्थिर जबड्यावर येईल असा धरा.

‘पान्याला लांब पाइप लावा, कुठलाही नट सुटतो आणि तसाच घट्ट बसतो.’ यातला पहिला अर्धा भाग मान्य. सोडवताना पाइप चालतो, फक्त गाडी जॅकवर चढवण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच. आवळताना मात्र हाच पाइप घात करतो. बऱ्याच लहान गाड्यांच्या चाकाच्या नटांना १०० ते १२० न्यूटन-मीटर एवढा पीळ पुरतो. साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या दांड्यावर उभा राहिला तर जवळजवळ ३०० होतो! आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच पकड टिकते. मर्यादेपलीकडे ताणला की तो परत मूळ लांबीवर येत नाही, आटेही जातात. इंजिन ऑइल काढायच्या बोल्टला तर याहून बराच कमी पीळ लागतो. ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर तिथे पाइप म्हणजे आटे उपटायचं यंत्र.

गंमत म्हणजे टॉर्क रेंचला, म्हणजे किती पीळ दिला ते मोजणाऱ्या पान्याला, घरगुती पर्याय आहे, पण या दाव्यांत तो कधी दिसत नाही. बॅगा तोलायचा आकड्याचा काटा घ्या. नटाच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर पान्याला अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. काट्यावर २२ किलो दिसले की साधारण १०८ न्यूटन-मीटर झाले. आपल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघून हिशोब करायचा. टॉर्क रेंचइतका नेमका नाही, पण ‘हाताला घट्ट लागलं’ यापेक्षा कितीतरी बरा.

‘फ्यूज उडाला तर चॉकलेटची चांदी गुंडाळा, गाडी चालू होते.’ होते, आणि म्हणूनच हा सल्ला पसरतो. फ्यूज दिवा लावण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. कुठेतरी वायर घासून बॉडीला टेकली की प्रवाह वाढतो, आणि १५ अँपिअरचा फ्यूज स्वतः वितळून तो तोडतो. चांदीची गुंडाळी किती अँपिअरला वितळेल हे कोणालाच ठाऊक नसतं. वायरमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह तिप्पट तर उष्णता नऊपट. वितळायचं काम मग डॅशबोर्डच्या आतलं वायरिंग करतं, जिथे आपली नजरही पोचत नाही. अडचणीत सापडलात तर रेडिओसारख्या बिनमहत्त्वाच्या जागेचा त्याच मापाचा फ्यूज काढून लावा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. तोही उडाला तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिसरा फ्यूज लावू नका.

‘जॅक स्टँड कशाला, चार विटा रचा.’ जॅक स्टँड म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणारे लोखंडी पाय. या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत वाईट सल्ला हाच. वीट भिंतीत भार पेलते, कारण तो सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. गाडीखाली तो एका बोटभर कडेवर येतो आणि वीट कसलीही सूचना न देता फुटते. पोकळ सिमेंट ब्लॉकचंही तेच. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड नसतील तर गाडीखालचं काम नसतं, बस्स. चाक काढल्यावर ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवावं; जॅक घसरलाच तर गाडी त्यावर टेकेल. पण तेवढ्यावर विसंबून कोणी खाली झोपू नये.

टूथपेस्टनं पिवळी हेडलाइट चकाकते, हे खरं. ती बारीक पॉलिशसारखी वरचा खराब थर घासून काढते. पण उन्हापासून वाचवणारा लेप परत देत नाही, त्यामुळे काच पुन्हा पिवळी पडते. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेला थर काढायला कोला ओतण्यापेक्षा खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशनं लावा: आम्ल मारलं जातं, साखरेचा चिकटाही राहत नाही. आधी ऋण टोक सोडवा आणि ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

ब्रेकच्या कामातही घरगुती वस्तू चालतात. कॅलिपर (पिस्टननं ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा भाग) रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून कपड्यांच्या तारेच्या हँगरचा आकडा करून टांगणं हा उत्तम जुगाड. सुतारकामाच्या क्लॅम्पनं पुढच्या चाकाचा पिस्टन मागे ढकलता येतो, मध्ये जुना पॅड ठेवून. मागच्या चाकांना मात्र आधी बघा. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल तर बऱ्याच गाड्यांत तो पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. क्लॅम्पनं दाबला तर आतली यंत्रणा तुटते. आणि ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून घरातलं कुठलंही तेल डबीत घालू नका. त्यानं रबरी सील फुगतात, आणि मग ती सगळी बदलावी लागतात.