कोळशाच्या वादात कसं जिंकायचं: खान्देशी माणसासाठी काही हमखास टिप्स

थंडी पडली की आपल्याकडे भरीत पार्ट्या सुरू होतात, आणि हल्ली राजकारण नि कापसाचा भाव आटोपला की एक विषय ठरलेला असतो, कोळशाची नवी वीज केंद्रं बांधणं आता बंद करावं की नाही. भुसावळकडच्या मळ्यात असाल तर विषय काढावाही लागत नाही, दीपनगरच्या कोळसा वीज केंद्राच्या चिमण्या समोरच उभ्या असतात. अशा वेळी मुकाट भाकरी मोडत बसू नका, लोक म्हणतील याला काही समजत नाही. थोडी तयारी करून जा, सांगतो कशी ते.

सगळ्यात आधी बाजू पकडा, माहिती नंतर बघू. बाजू निवडणं सोपं आहे. सूर्यघर योजनेत 78 हजारांची सबसिडी घेऊन छतावर पॅनल बसवले असतील तर तुम्ही आपोआप पर्यावरणवादी झालात, रात्रभर घरचा एसी कशावर चालतो हे कोणी विचारत नाही, विचारलंच तर हसायचं. आणि साल्याचे राखेचे बल्कर, म्हणजे केंद्राची राख वाहणारे टँकर, चालत असतील तर कोळसा म्हणजे राष्ट्राचा कणा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर जो पार्टीचा खर्च करतोय त्याची बाजू घ्या.

मग आकडा टाका. आकडा टाकणं आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही, फक्त इथे तो तारेवर न टाकता चर्चेत टाकायचा. सोलरवाले असाल तर ठोकून सांगा की देशाच्या एकूण वीज क्षमतेत निम्म्याहून जास्त वाटा आता कोळसा, गॅस, डिझेल सोडून बाकीच्यांचा झालाय, 2030 चं टार्गेट 2025 लाच गाठलं. कोळसावाले असाल तर सांगा की वर्षभरात जी वीज खरोखर तयार होते तिच्यात 100 पैकी 70 च्या आसपास युनिट अजून कोळशाचेच. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत. क्षमता म्हणजे यंत्र जास्तीत जास्त किती देऊ शकतं ते, आणि निर्मिती म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती दिलं ते. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचं सोलर 2013 पासून उभं आहे, ते भर दुपारी जोरात चालेल पण अंधार पडला की शून्य, चोवीस तासांची सरासरी काढली तर जेमतेम पाचवा हिस्सा हाती लागतो. ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पावसाळ्याच्या वाऱ्यात गरगर फिरतात, एरवी निवांत. कोळशाचा संच, म्हणजे केंद्रातलं एक वीज बनवणारं यंत्र, मात्र आठ-आठ दिवस रात्रंदिवस चालवता येतो. हे एवढं समजावून सांगितलं तर वाद दोन मिनिटात मिटेल, म्हणून अजिबात सांगायचं नाही. क्षमतेवाल्याने क्षमताच बोलावी आणि निर्मितीवाल्याने निर्मितीच, वांगी भाजून होईपर्यंत आरामात पुरतं.

कोणीतरी ब्रिटन काढणारच. 30 सप्टेंबर 2024 ला त्यांनी शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं, रॅटक्लिफ-ऑन-सोअर असं नाव आहे, हे नाव नीट पाठ करा, उच्चार चुकला तरी चालेल कारण समोरच्यालाही येत नाही. याला उत्तर काय द्यायचं, तर त्यांनी 1882 पासून 142 वर्षं जाळलं आणि मग बंद केलं, आमची पण 142 होऊ द्या. ते अजून गॅस जाळतात हे दोन्ही बाजूंनी विसरायचं.

आता काय बोलायचं नाही ते नीट ऐका, कारण इथेच लोक घसरतात. पैशाचा हिशोब काढू नका. नव्या सोलरची दिवसाची वीज अडीच-तीन रुपयांना पडते, नव्या कोळशाची पाचच्या पुढे जाते, पण संध्याकाळी सात ते दहाला सगळं गाव टीव्ही-कूलर लावून बसतं तेव्हा बॅटरी किंवा घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पासारखं पाणी वर चढवून साठवणं लागतं, त्याचा खर्च वेगळा. आणि आज केंद्र बांधलं की करार 25 वर्षांचा होतो, पुढे सोलर अजून स्वस्त झालं नि केंद्र नुसतं उभं राहिलं तरी स्थिर आकार बिलातून भरायचाच, तो तुम्ही-आम्हीच भरणार. म्हणजे खरा प्रश्न एवढाच की संध्याकाळच्या त्या तीन-चार तासांसाठी पंचवीस वर्षांचा खुंटा गळ्यात बांधून घ्यायचा की साठवणीवर पैसा घालायचा. असला प्रश्न भरीत पार्टीत विचारला तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. तसंही 2032 पर्यंत कोळशाची निदान 80 हजार मेगावॅटची भर घालायचं दिल्लीने ठरवून टाकलंय, दीपनगरला 660 मेगावॅटचा नवा सहावा संच आपला वाद चालू असतानाच उभा राहिला, तेव्हा आपण बिनधास्त बोलावं, कोणाचं काही अडत नाही.

राखेचा विषय तर चुकूनही नको. 660 चा एक संच पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला साधारण 9-10 हजार टन कोळसा खातो, म्हणजे अख्ख्या अडीच मालगाड्या, आणि आपला देशी कोळसा असा की त्यात 100 किलोमागे 30-40 किलो राखच. रेल्वे गेटवर कोळशाची गाडी धडधडत जाते तेव्हा आपण गाडी बंद करून, काच वर करून, मोबाईलवर दिल्लीच्या धुराचा व्हिडिओ बघत बसतो ना, तसंच बसून राहा. दीपनगरची राख साठवायचा वेल्हाळ्याचा बंधारा हा नकाशावरचा एक करडा डाग आहे असं समजा. मे महिन्यात वारा सुटला की कपाशीच्या नांगरलेल्या रानात, ओट्यावर, वाळत घातलेल्या चादरीवर काय येऊन बसतं ते तिथल्या बायांना माहिती, पण त्यांना पार्टीला बोलावत नाहीत त्यामुळे अडचण येत नाही.

सरकारकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे मुदतवाढ. चिमणीतून निघणारा गंधकाचा धूर धुवून काढायची यंत्रं बसवा असा नियम 2015 ला निघाला, मुदत होती 2017 ची, मग वाढली, परत वाढली, परत वाढली आणि 2025 ला बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. वादात अडकलात तर हेच करा. "यावर आपण नंतर सविस्तर बोलू" म्हणा. नंतर म्हणा, परत म्हणा, शेवटी समोरचा विसरतो.

पार्टीत एखादा यावल-रावेरकडचा केळीवाला असेलच. तो म्हणेल, भो, मला कोळसा-सोलर काही समजत नाही, लाईट दिवसा देता का ते सांगा, रात्री दोन वाजता मोटर चालू करायला मळ्यात जावं लागतं आणि बिबट्या फिरतोय. याच्यापासून सावध राहा, हा माणूस दोन्ही बाजूंची भाषणं एका वाक्यात खराब करतो. दिवसाची लाईट सोलरने देणं सोपं आहे, सौर कृषी वाहिनीची योजना त्यासाठीच आहे, हे खरंय, पण कबूल केलं तर कोळसावाले पडतात, आणि मग त्याचा फीडर, म्हणजे शेताकडे येणारी वीजवाहिनी, अजून का जोडला नाही असं विचारलं तर सोलरवाले पडतात. त्याला दुसऱ्यांदा भरीत वाढा.

सोलरवाल्यांना एक जास्तीची टीप, विखरणचं नाव निघू देऊ नका. शिंदखेडा तालुक्यात दोंडाईच्याजवळ आधी कोळशाचं केंद्र येणार म्हणून जमिनी घेतल्या, पुढे तिथे सोलर ठरलं, म्हणजे वीज काळ्याची स्वच्छ झाली. धर्मा पाटील नावाचे ऐंशी पार केलेले शेतकरी मोबदला कमी मिळाला म्हणून खेटे घालून घालून थकले आणि जानेवारी 2018 मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, काही दिवसांनी गेले. यावर कुठलीच टीप नाही माझ्याकडे, पुढे चला.

शेवटी एखादा दीपनगरला ठेकेदाराकडे कामाला असलेला पोरगा कोपऱ्यात बसलेला असतो. तो हळूच विचारतो, काका, बंद करायचं असेल तर करा पण कधी ते सांगा ना, मी दुसरीकडे काम बघायला लागतो. सोलरवाल्यांकडे तारीख नसते, कोळसावाल्यांना तारीख नकोच असते. त्याला म्हणायचं, तू तरुण आहेस, तुला कायले टेन्शन, जा जरा पुऱ्या घेऊन ये गरम गरम. तो येईपर्यंत केळीचा भाव काढा, व्यापारी कसे लुटतात यावर दोन्ही बाजूंचं अर्ध्या मिनिटात एकमत होतं.