साक्ष तयार होती, यादीत नाव नव्हतं

नोकरभरतीची यादी दुपारी दोनच्या सुमारास आली. मोबाईलवर पीडीएफ. शोधायच्या चौकटीत आडनाव टाकलं, काही सापडलं नाही. स्वतःची समजूत घातली की टाइप करणाऱ्याने आडनाव चुकवलं असेल, आणि पहिल्या पानापासून बोट सरकवत एकेक ओळ वाचत गेले. निवड यादीत नव्हतेच. शेवटच्या पानावर प्रतीक्षा यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. आणि आडनाव खरोखरच चुकवलेलं होतं.

९ वर्षं कंत्राटावर काम केलंय. वयाची अट बघता हा शेवटचा प्रयत्न होता. पद एकच, त्यामुळे प्रतीक्षा यादीतल्या दुसऱ्या क्रमांकाला काय अर्थ असतो हे ज्यांनी अशा याद्या बघितल्यात त्यांना सांगायला नको.

पण आज लिहायचंय ते नोकरीबद्दल नाही. जी गोष्ट सांगायला लाज वाटते तिच्याबद्दल. माझी साक्ष तयार होती.

जे चर्चमध्ये जात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. देवाने आपल्यासाठी काय केलं हे उपासनेत उभं राहून सगळ्यांना सांगायचं, त्याला आम्ही साक्ष देणं म्हणतो. यादी लागायच्या महिनाभर आधीपासून मी ती मनात पाठ करत होते. 'नऊ वर्षं मी एकच दार ठोठावत होते' हे पहिलं वाक्य. कुठे थांबायचं तेही ठरलेलं. खरं सांगायचं तर आवाज कुठे दाटून येणार हेसुद्धा ठरलेलं होतं. त्यामुळे यादी लागली तेव्हा नोकरीबरोबर ती साक्षही गेली, आणि काही दिवस मला साक्षीचंच जास्त वाईट वाटत होतं.

त्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, 'कुणाला साक्ष द्यायची आहे का?' माझ्याच बाकावरची मैत्रीण उठली. तिचं नाव निवड यादीत होतं. तिने माईक हातात घेतला, म्हणाली, 'प्रभूने माझी प्रार्थना ऐकली.' सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं. तोंडाने आमेन म्हणत असताना मनात हिशोब चालला होता. तिचीही प्रार्थना, माझीही प्रार्थना. एकाच बाकावरून, एकाच देवाकडे, एकाच पदासाठी. एक ऐकली, तर दुसरीचं काय केलं?

मग मेसेज सुरू झाले. त्या आठवड्यात बायबलमधलं यिर्मया २९:११ हे वचन मला किती जणांनी पाठवलं ते मोजायचंही मी सोडून दिलं. फुलांच्या चित्रावर, सूर्योदयाच्या चित्रावर, एकदा तर चकाकणाऱ्या अक्षरांत. तुमच्याविषयी माझ्या मनात ज्या योजना आहेत त्या हिताच्या आहेत, असं देव तिथे म्हणतो. पाठवणारे प्रेमानेच पाठवत होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एके रात्री चिडून मी शास्त्र उघडलं आणि अख्खा अध्याय वाचला, त्याच्या आधीचाही वाचला. तो चिडून केलेला अभ्यास मला सगळ्या मेसेजेसपेक्षा जास्त उपयोगी पडला.

ते वचन एका पत्रातलं आहे. यहुदातले लोक बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पाडाव करून नेलेत, घरदार सुटलंय, आणि यरुशलेमेहून यिर्मया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, त्यांना पत्र पाठवतोय. अकरावी ओळ सगळ्यांना पाठ असते. दहावी कुणी पाठवत नाही, कारण दहाव्या ओळीत आकडा आहे: ७० वर्षं. म्हणजे ज्या मोठ्या माणसांनी ते पत्र हातात घेतलं त्यातल्या बहुतेकांना परत जायला मिळणारच नव्हतं. त्याच्याही आधी पत्रात काय लिहिलंय? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. तुम्ही लवकर सुटाल असं त्यात कुठेच नाही. जिथे यायचं नव्हतं तिथे मुक्काम करायला सांगणारं ते पत्र आहे.

आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो मंदिरात, सगळ्यांसमोर सांगतो की २ वर्षांत सगळं परत येईल, लोकही आणि मंदिरातली पात्रंही. मला वाटतं, लोकांना तोच आवडला असणार. मलाही आवडला असता. आणि यिर्मया त्याला आधी काय म्हणतो? 'आमेन, परमेश्वर तसंच करो.' मी ती ओळ दोनदा वाचली. म्हणजे यिर्मयाच्या मनातही तेच होतं. २ वर्षांत सगळं संपावं असं त्यालाही वाटत होतं, त्याला कठोर बोलण्यात काही गंमत येत नव्हती. फक्त, वाटणं आणि देवाने सांगितलेलं असणं या दोन गोष्टी त्याने एक होऊ दिल्या नाहीत.

माझ्या आजूबाजूला हनन्या पुष्कळ होते. 'तुझं काम झालंच म्हणून समज', 'मला प्रार्थनेत दिसलंय'. यादी लागल्यावर त्यातलं कुणीही परत येऊन म्हणालं नाही की बाई, चुकलो. इथे मला दावीद राजाच्या काळातला संदेष्टा नाथान आठवतो. दावीद म्हणाला, मला देवासाठी मंदिर बांधायचंय. नाथान पटकन म्हणाला, तुझ्या मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने त्याला सांगितलं की दावीद नाही, त्याचा मुलगा बांधेल. आणि नाथान दुसऱ्यांदा गेला. राजासमोर उभा राहून, आपण आधी बोललो ते तसं नाही, असं सांगून आला. संदेष्टा असून. या प्रसंगात सगळे दावीदाबद्दल बोलतात, मला नाथानाचा तो दुसरा फेरा फार मोठा वाटतो.

दावीदाचंही सांगायला हवं म्हणा. मागितलेलं वाईट नव्हतं, उलट चांगलंच होतं, तरी नाही मिळालं. आणि मिळालं दुसऱ्याला. नंतर त्याच दुसऱ्यासाठी तो लोखंड, पितळ, गंधसरूची लाकडं गोळा करत बसला. मी अजून तिथवर पोचलेले नाही. मैत्रिणीने माझ्या जुन्या टिपणांच्या वह्या मागितल्या होत्या, त्या मी ३ आठवड्यांनी दिल्या. लोखंड आणि गंधसरू लांबच राहिलं.

आता त्या गोष्टीकडे येते जिच्यामुळे हे सगळं लिहावंसं वाटलं. लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसला चाललेत. ११ किलोमीटरच्या आसपासची वाट. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव दिलेलंच नाही. येशूला क्रुसावर दिलंय, सगळं संपलंय. एक अनोळखी वाटसरू येऊन सोबत चालू लागतो आणि विचारतो, तुमचं काय बोलणं चाललंय? ते थांबतात. तोंडं उतरलेली. म्हणतात, यरुशलेमेत राहून तुला एवढंही माहीत नाही? आणि तो म्हणतो, 'काय झालं?'

तो वाटसरू म्हणजे पुन्हा उठलेला येशूच, त्यांना ओळखू आलेला नाही. ज्याच्यावर सगळं गुदरलं तोच विचारतोय, काय झालं. त्याला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? तरी तो त्यांना सांगू देतो. पहिल्यापासून सगळं. त्या सांगण्यात ते वाक्य येतं, जे माझ्या मते अख्ख्या शास्त्रातलं सगळ्यात ओळखीचं वाक्य आहे: आम्हाला तर आशा होती. होती. भूतकाळ. आमच्या प्रार्थना सभेत हे वाक्य कुणी उच्चारलं तर लगेच कुणीतरी दुरुस्त करेल, 'असं म्हणू नये, विश्वास ठेवावा.' येशू दुरुस्त करत नाही. पुढे रागावतो, हे खरंय, मंदमती म्हणतो. पण सगळं ऐकून झाल्यावर. आणि रागावतानाही सोबत चालणं सोडत नाही, घरात जातो, जेवायला बसतो.

मला ज्यांची मदत झाली ती माणसं अशीच होती. एका वयस्क मावशींनी फोन केला. वचन नाही, सल्ला नाही. म्हणाल्या, 'सांग गं, काय झालं?' त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. मी चाळीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाल्या, 'जेवलीस का?' एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. उपदेश शून्य. मावशींना हे माहीत असेल किंवा नसेल, त्यांनी तेच केलं.

सध्या मी प्रार्थना कशी करते असं कुणी विचारलं तर, स्तोत्रं वाचते. स्वतःचे शब्द येत नाहीत, म्हणून उसने घेते. १५० स्तोत्रांतली जवळजवळ एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत. किती वेळ, हे परमेश्वरा? झोपलास का? तोंड का लपवतोस? देवाच्या लोकांनी हे देवाच्याच तोंडावर म्हटलं आणि ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं. बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळतात, आभार मानतात. ८८वं वळत नाही. 'माझ्या तारणाऱ्या देवा' अशी हाक मारून सुरू होतं आणि अंधारावर संपतं. कुणीतरी ते लिहिलं, कुणीतरी चाल लावली, आणि पुढच्या हजारो वर्षांत कुणालाही त्याला आनंदी शेवट जोडावासा वाटला नाही. यादी लागल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मला प्रामाणिकपणे म्हणता आलं ते एवढंच एक स्तोत्र.

माझा विश्वास गेला का? नाही. कुणावर तरी रागवायला तो कुणीतरी असावा लागतो, आणि मी रोज रागावत होते. पण 'देवाने याहून चांगलं काहीतरी ठेवलंय' हे वाक्य मी स्वतःपुरतं बंद केलंय. ठेवलंही असेल. मला कुणी तसं सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात पाळकसाहेबांना भेटले. म्हटलं, पाळकसाहेब, महिन्यातून एक रविवार ज्यांना नाही मिळालं त्यांना माईक द्या. ज्यांचं लग्न मोडलं, ज्यांचा रिपोर्ट वाईट आला, ज्यांचं नाव यादीत नाही त्यांना. तेही इथेच बसतात आणि दर आठवड्याला दुसऱ्यांच्या साक्षीला आमेन म्हणतात.

ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, 'कल्पना चांगली आहे. पण साक्षीचा शेवट काय करायचा? लोक काय घेऊन घरी जातील?'

मी म्हटलं, माझ्या साक्षीला अजून शेवट नाही. ८८वं स्तोत्र वाचेन आणि खाली बसेन.

'बघू,' म्हणाले.

'बघू'चा अर्थ मला ९ वर्षांत चांगला कळलाय. तरी येत्या रविवारी पुढच्याच बाकावर बसणार आहे, आणि आडनाव नीट लिहून चिठ्ठी त्यांच्याकडे आधीच देऊन ठेवलीये.